वाटी, चमचा आणि अंदाज : मराठी पाकपुस्तकातलं रोजचं जेवण

चारेक वर्षांपूर्वी बिटको चौकाजवळच्या एका रद्दीवाल्याकडे मला ‘रुचिरा’ची जुनी प्रत मिळाली. पुठ्ठा निखळलेला, पानांवर हळदीचे आणि तेलाचे डाग. असल्या प्रती रद्दीत पुष्कळ येतात. ही मी घेतली ती पेन्सिलीच्या खुणांमुळे. जवळजवळ प्रत्येक वापरत्या पानावर कुणा बाईने समासात काही ना काही लिहिलं होतं. कुठे तेलाचं माप खोडून निम्मं केलेलं, कुठे ओल्या नारळासमोर ‘दाणकूट’, कुठे साखरेऐवजी ‘गूळ चालतो’. एका ठिकाणी नुसतं ‘आपल्याकडे नाही होत’.

या लेखाचा विषय ही प्रत आहे. तिच्या निमित्ताने एक प्रश्न विचारायचा आहे. मराठीत पाकपुस्तकं भरपूर झाली, खाद्यसंस्कृतीवर लिहूनही बरंच आलं. मग घराघरात रोज जे खाल्लं जातं त्याची नोंद नेमकी कुठे झाली?

मराठीतलं छापील पाकपुस्तक जुनं आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं. हजार पाकक्रिया देणारं हे पुस्तक शिकलेल्या गृहिणीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघालं आणि त्याने या प्रकारातले सगळे हिशेब बदलले. कमलाबाईंचं शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. त्यांनी पुस्तकात जी मापं वापरली ती घरातली : वाटी आणि चमचा. तराजू नको, शेर-मासे-तोळे नकोत. लाखभर सुना असलेली सासू असं त्यांचं कौतुक झालं, आणि ते शब्दशः घ्यावं असं आहे. त्या काळात नोकरीपायी गाव सोडून आलेल्या जोडप्यांच्या बिऱ्हाडात सासू शेजारी नसायची. ती जागा पुस्तकाने घेतली.

नाशिक रोडला हे फार स्पष्ट दिसतं. हे गाव मुळी स्टेशनाभोवती आणि कारखान्यांभोवती वाढलेलं. १९२० च्या दशकात प्रतिभूती मुद्रणालय आलं, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना. आम्ही दोन्हीला मिळून ‘प्रेस’ म्हणतो. पुढे एकलहऱ्याचं वीज केंद्र आलं. कामगार सिन्नर-निफाडचे, तसे खानदेश, नगर, मराठवाड्यातलेही. एका भिंतीपलीकडे कळण्याची भाकरी आणि शेवभाजी, दुसऱ्या भिंतीपलीकडे हुलग्याचे शेंगोळे, तिसरीकडे वरणभात. शिफ्टच्या भोंग्यावर डबे भरायचे. शेजारणीकडून शिकता येत होतं. पण जे शेजारच्या घरातही कुणाला येत नव्हतं ते पुस्तकातून आलं. माझ्या आईकडे पुस्तक नव्हतं. तिच्याकडे किराण्याची वही होती.

आता टीकेचा मुद्दा. पाकपुस्तकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ती एका थरातल्या स्वयंपाकघराला ‘महाराष्ट्रीय’ म्हणून सगळ्यांवर लादतात. हा आक्षेप खरा आहे. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ चं पुस्तक त्याचं सर्वांत सणसणीत उत्तर. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं जेवण त्यांनी लिहून काढलं, आणि शीर्षकातल्या एका अक्षराने जेवणाआधीच्या श्लोकाला प्रश्न केला : पूर्ण कुणासाठी? त्यांच्या पाककृतीत तेल कमी असतं ते पथ्य म्हणून नव्हे. जिन्नस कुणाकडून, किती आणि कशाच्या बदल्यात मिळाली, हे पाककृतीतच कळतं.

मीही बरीच वर्षं एवढ्यावरच थांबत होते. ‘रुचिरा’ वरच्या थराची, ‘अपूर्णब्रह्म’ खालच्या थराचं, संपलं. पेन्सिलीच्या प्रतीने मला तिथून हलवलं. ती बाई ‘रुचिरा’ नाकारत नव्हती आणि मुकाट्याने पाळतही नव्हती. ती पुस्तकाशी घासाघीस करत होती. म्हणून मी मजकुराकडे पुन्हा पाहिलं, या वेळी व्याकरणाच्या अंगाने.

मराठी पाककृतीचं पिढीजात क्रियापद विध्यर्थी आहे : घ्यावे, भाजावे, परतावे, वाढावे. या वाक्यात कर्ता लागत नाही. कांदा चिरला जातो, चिरणारी दिसत नाही. शेवटी येतं ते ‘चार माणसांसाठी’. ही चार माणसं एकसारखी, एका वेळी बसलेली, एकाच मापाने जेवणारी. पाककृती या साहित्यप्रकाराची ही सोय आहे आणि तिचा दोषही इथेच आहे. पदार्थ कसा करायचा हे ती चोख सांगते. तो कुणी केला, कुणी आधी खाल्ला, कुणाला उरला, हे सांगायला तिच्याकडे वाक्यच नाही. जात हा आक्षेपाचा एक भाग झाला. दुसरा भाग प्रकारातच आहे, आणि तो पुस्तक कुठल्याही थरातलं असलं तरी लागू होतो.

कर्ता परत आणला तो आत्मचरित्रांनी. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथल्या जवळच्या जलालपूरचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होत गेली. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने घरातल्या बायकांच्या दिवसाचं काय होतं, हे त्यात हसत हसत आणि निर्दयपणे येतं. १८९५ मध्ये टिळकांनी धर्मांतर केल्यावर काही वर्षं वेगळं राहणं, मग नवऱ्याकडे येऊनही चूल वेगळी ठेवणं आणि शेवटी ते वेगळेपण सुटणं : एका बाईच्या मनातली एवढी मोठी उलथापालथ चुलीच्या आणि पाण्याच्या तपशिलातून कळते. यात पाककृती एकही नाही, पण रोजचं जेवण आहे. पुढे दलित आत्मकथनांत भाकरीचा तुकडा मोजून येऊ लागला. बाबुराव बागूल तर आमच्या विहितगावचे; त्यांच्या कथांत भूक ही माणसांना हलवणारी शक्ती आहे. म्हणजे मराठीत वाटणी अशी झालेली दिसते : पदार्थ पाकपुस्तकात, भूक आत्मकथनात. या दोहोंमध्ये, रोज दोन वेळा, ना मेजवानी ना उपासमार, असं जे घडतं ते मात्र वहीत आणि समासात राहिलं.

त्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एका आठवड्याची यादी आहे. सोमवारी मेथी, भाकरी. मंगळवारी मटकी. बुधवारी ‘डबे दोन, बटाटा’. गुरुवारी पिठलं. शुक्रवारी वांगं. शनिवारी भगर. रविवारी मटण, आणि कंसात ‘पगार झाला तर’. खाली भाकऱ्यांचा हिशेब : ‘हे ३, मुलं २-२, आत्या १, मी’. ‘मी’पुढे आकडा नाही.

आधी मला वाटलं, लिहायचा राहिला असेल. मग इतर पानं पाहिली. दुसऱ्या एका पानावरही हाच हिशेब, पाहुणे धरून. तिथेही ‘मी’पुढची जागा कोरी. एवढ्याशा खुणेवरून फार मोठं विधान करू नये हे मला कळतं. कदाचित तिला स्वतःपुरता अंदाज पुरत असेल. पण ‘अंदाज’ या शब्दापाशीच थोडं थांबायला हवं. बाईच्या हाताला अंदाज असतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. हाच अंदाज तिच्या ताटाचं मापही ठरवतो : सगळ्यांचं झाल्यावर जे असेल ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष शेवटच्या पंगतीवर टाकता येणार नाही. तरी ‘चार माणसांसाठी’ या शब्दांत ती पंगत दिसत नाही, एवढं नक्की.

आणखी एक गोष्ट या प्रतीने दाखवली. हल्ली बाजरी आणि नागलीला ‘श्री अन्न’ म्हणतात; २०२३ हे तर भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. सिन्नरच्या कोरडवाहू गावांत बाजरीला कधी ‘श्री’ लागला नव्हता, आणि सुरगाणा-पेठकडच्या नागलीला बाजारात मान नव्हता. ७२ च्या दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो खाल्लेल्या बायका आजही त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. आता येणाऱ्या पुस्तकांत भाकरीला पान मिळतं, त्याचा आनंदच आहे. पण ती थापताना चुलीच्या धगीत बसलेली बाई पुन्हा विध्यर्थात गेली, तर बदल फक्त धान्याचा झाला.

म्हणून अभ्यासकांना माझी विनंती साधी आहे. पाकपुस्तकाची कोरी प्रत वाचून भागणार नाही, वापरलेली शोधा. किराण्याच्या वह्या, डब्यांचे हिशेब, कॅलेंडरच्या चौकटीत लिहिलेलं दूध हे सगळं रद्दीत जायच्या आधी पाहा. ‘रुचिरा’चं मोठेपण मला या प्रतीनंतर जास्त पटलं. वाटी-चमच्याचं माप होतं म्हणूनच त्या बाईला ते खोडता आलं. तोळ्या-माशांशी तिने वाद घातला नसता.

शेवटी माझ्याविषयी. शिक्षण बारावीपर्यंतचं, वाचनालयाने बाकीचं दिलं. लग्नानंतर सतरा वर्षं मी जेलरोडला घरून डबे दिले, त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत. हा लेख लिहिताना त्या खाली काढल्या. कुणाला चार पोळ्या, कुणाला तीन, कुणाला गुरुवारी उपासाचं, कुणाची भाजी तिखट नको, सगळं तारखेनिशी आहे. घरातल्यांच्या पोळ्याही रोज कणीक किती भिजवायची म्हणून मांडलेल्या आहेत : सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, दोन्ही मुलींच्या. मी सतरा वर्षांची पानं उलटली. त्यात माझ्या पोळ्या कुठेच मांडलेल्या नाहीत.