श्रेयाचा जमाखर्च : एडवर्ड बर्नेज यांच्या आत्मचरित्राच्या निमित्ताने

ज्या व्यवसायात हात दिसला की काम फसते, त्या व्यवसायातल्या माणसाने आपला हात कुठे कुठे होता हे सांगणारे आठशेहून अधिक पानांचे पुस्तक लिहावे, ही वरवर पाहता विसंगत गोष्ट आहे. एडवर्ड बर्नेज यांचे १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेले 'बायोग्राफी ऑफ अ‍ॅन आयडिया' हे आत्मचरित्र असे पुस्तक आहे. जनसंपर्क या व्यवसायाच्या इतिहासात त्याचा उल्लेख एक साधन म्हणून येतो आणि त्यातील प्रसंग पाठ्यपुस्तकांतून उचलले जातात. आत्मचरित्र म्हणून मात्र ते फारसे वाचले जात नाही. प्रस्तुत लेखात मी ते तसे वाचणार आहे. 'मी हे केले' या विधानाला पुरावा काय, हा प्रश्न कोणत्याही आत्मचरित्राला विचारता येतो. जनसंपर्क सल्लागाराच्या आत्मचरित्रात तो अधिक टोकदार होतो, कारण 'माझ्यामुळे काय घडले' हे सिद्ध करणे हीच त्याच्या धंद्याची जन्मजात अडचण आहे.

बर्नेज यांचा जन्म १८९१ साली व्हिएन्नात झाला आणि ते वाढले न्यूयॉर्कमध्ये. त्यांची आई सिग्मंड फ्रॉइड यांची बहीण, तर वडील फ्रॉइड यांच्या पत्नीचे भाऊ. म्हणजे फ्रॉइड हे त्यांचे मामाही होते आणि आत्याचे यजमानही. या नात्याचा उल्लेख करण्याची संधी बर्नेज यांनी आयुष्यात सहसा सोडली नाही. १९१९ साली त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले. १९२३ साली 'क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन' हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात केली. 'प्रसिद्धी एजंट' हे तोपर्यंतचे नाव त्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून त्यांनी स्वतःसाठी जे पद रूढ केले त्यात वकिलाला लागणारा 'कौन्सेल' हा शब्द घेतला. डॉक्टर-वकिलांप्रमाणे जनसंपर्क व्यावसायिकांनाही सरकारी परवाना असावा, असा आग्रह ते उतारवयापर्यंत धरत होते. तो कधी मान्य झाला नाही. १९९५ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी ते वारले.

वकिलाशी केलेली ही तुलना तपासून पाहण्यासारखी आहे. वकिलाच्या कामाला निकाल असतो आणि डॉक्टरच्या कामाला रोगी असतो. जनसंपर्काच्या कामाला काय असते? बराच काळ त्याचे उत्तर 'कात्रणे' असे होते. वृत्तपत्रांत आलेली कात्रणे वहीत डकवायची, ती किती स्तंभ-इंच भरतात हे पट्टीने मोजायचे आणि तेवढ्या जागेच्या जाहिरातीला जो दर पडला असता त्याने गुणायचे. येणारी रक्कम म्हणजे कामाचे मोल. काही जण त्यालाही पुन्हा दोनाने किंवा तिनाने गुणत, कारण वाचक जाहिरातीपेक्षा बातमीवर अधिक विश्वास ठेवतो, असा त्यांचा हिशेब. प्रतिकूल बातमीही जागा व्यापतेच, हे या हिशेबात सोयीने विसरले जाई. शिवाय ही पद्धत मोजते ती जागा. वाचकाच्या मनात काय झाले, याबद्दल ती मूक असते.

बर्नेज या कात्रणवाल्यांच्या पलीकडे गेले, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. मी वर्तमानपत्रात जागा मिळवतो असे ते म्हणत नाहीत; मी लोकांच्या सवयी बदलतो, असा त्यांचा दावा आहे. या दाव्याचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे १९२९ सालची 'टॉर्चेस ऑफ फ्रीडम', अर्थात 'स्वातंत्र्याच्या मशाली'.

प्रसंग असा. लकी स्ट्राइक सिगारेट बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना स्त्री-ग्राहक हवे होते. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे तेव्हा असभ्य मानले जाई. बर्नेज यांनी फ्रॉइडचे इंग्रजी अनुवादक, मनोविश्लेषक ए. ए. ब्रिल यांचा सल्ला घेतला. सिगारेट ही स्त्रियांना स्वातंत्र्याची मशाल वाटते, असे ब्रिल यांनी सांगितले. मग ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणी सिगारेट पेटवून चालल्या. त्यांच्यातील बर्था हंट यांनी पत्रकारांना सांगितले की, ही कल्पना आपल्याला सुचली. त्या बर्नेज यांच्या सचिव आहेत, हे त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ईस्टर मिरवणुकीच्या वृत्तात या तरुणींची दखल घेतली. आत्मचरित्रातला निष्कर्ष असा की, शतकानुशतकांची रूढीसुद्धा एका नाट्यमय आवाहनाने मोडता येते.

गोष्ट म्हणून ही रचना निर्दोष आहे. अडचण आहे, गुरूचा मंत्र आहे, युक्ती आहे आणि फळ आहे. एखाद्या आख्यायिकेला लागणारे सगळे तिच्यात आहे आणि म्हणूनच तिच्याकडे सावधपणे पाहायला हवे. २०१५ साली व्हेनेसा मर्फ्री यांनी 'अमेरिकन जर्नालिझम' या नियतकालिकात या मिरवणुकीची फेरतपासणी केली. त्या काळच्या वृत्तपत्रांतील वार्तांकन आख्यायिकेत सांगितले जाते त्या मानाने मर्यादित होते, असे त्यातून दिसते. दुसरे म्हणजे, स्त्रियांचे धूम्रपान १९२९ च्या आधीपासूनच वाढत होते. मार्लबोरो ही सिगारेट १९२० च्या दशकात स्त्रियांची सिगारेट म्हणूनच बाजारात आली होती. १९२६ मध्ये चेस्टरफिल्डच्या जाहिरातीत एक स्त्री सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला धूर आपल्याकडे सोडायला सांगत होती. खुद्द लकी स्ट्राइकची, मिठाईऐवजी सिगारेट घ्या असे सांगणारी जाहिरात १९२८ पासून चालू होती आणि तिच्यामागे अफाट पैसा होता. महायुद्ध, मताधिकार, शहरांतली नोकरी ही कारणे तर वेगळीच. या सगळ्यांतून त्या एका रविवारचा वाटा कसा काढायचा?

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. साध्या मराठीत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. बर्नेज यांचा कावळा मात्र लिहिता आहे. फांदी किती जाड होती, आपण कोणत्या क्षणी बसलो आणि कडकड आवाज कसा झाला, हे तो तपशीलवार सांगतो. ती आधीच किती वाळली होती, हे तेवढे गाळतो. आत्मचरित्रात हे पुन्हा पुन्हा घडते. सामाजिक बदलाचे मोठे प्रवाह पार्श्वभूमीला जातात आणि प्रत्येक परिणामाच्या मुळाशी एक टेलिफोन, एक पत्र, एक कल्पना उभी राहते. पुस्तकाचे शीर्षक 'एका कल्पनेचे चरित्र' असे असले, तरी वाक्यांचा कर्ता बहुतेक ठिकाणी 'मी' हाच आहे.

या 'मी'मध्ये आणखी एक व्यक्ती लपलेली आहे. डोरिस फ्लाइशमन या बर्नेज यांच्या कार्यालयात सुरुवातीपासून होत्या. १९२२ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि त्या व्यवसायातही बरोबरीच्या भागीदार झाल्या. लेखनाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे होती, पण ग्राहकांसमोर जात ते बर्नेज. सुझन हेन्री यांच्या २०१२ सालच्या 'अ‍ॅनॉनिमस इन देअर ओन नेम्स' या पुस्तकात हा अन्याय नीट मांडला आहे. लग्नानंतरही माहेरचे नाव ठेवण्यासाठी झगडणारी ही स्त्री. तिचे काम मात्र नवऱ्याच्या खात्यावर जमा झाले. तेव्हा 'कामाचे मोल कसे सिद्ध करायचे' या प्रश्नाच्या आधी 'काम कोणाचे' हा प्रश्न येतो. हे आत्मचरित्र त्याला पुरेसे सामोरे जात नाही.

इथपर्यंतची टीका 'अतिशयोक्ती' या एका शब्दात संपवता आली असती. स्वतःची टिमकी वाजवणे हा आत्मचरित्रकारांचा जुनाच दोष आहे. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

आत्मचरित्रातच बर्नेज सांगतात की, १९३३ साली हर्स्ट वृत्तसमूहाचे परदेश-वार्ताहर कार्ल फॉन वीगंड यांच्याकडून त्यांना एक गोष्ट कळली. ज्यूंच्या विरोधातील मोहिमेसाठी गोबेल्स जी पुस्तके वापरत होता, त्यांत 'क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन' हेही होते. बर्नेज स्वतः ज्यू होते आणि त्यांना या बातमीने धक्का बसला, यात शंका नाही. पण तिचा दुसरा अर्थ पाहा. आपल्या तंत्राच्या परिणामकारकतेबद्दल याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणाला मिळाले असेल? बर्नेज ते प्रशस्तिपत्र म्हणून मोजत नाहीत. कोणीही माणूस मोजणार नाही. मात्र ते नाकारताना त्यांचा युक्तिवाद असा होतो की, साधन वाईट नसते, वापरणारा वाईट असतो. मग हाच नियम मशालींना का लागू नाही? चांगल्या परिणामाला साधन कारणीभूत आणि वाईटाला वापरणारा, ही वाटणी हिशेबात बसत नाही.

ग्वाटेमालाचे उदाहरण आणखी बोलके आहे. युनायटेड फ्रूट कंपनीसाठी बर्नेज यांनी अनेक वर्षे काम केले. १९५२ साली हाकोबो आर्बेन्स यांच्या सरकारने जमीन सुधारणा कायदा करून कंपनीच्या पडीक जमिनी घ्यायला सुरुवात केली. त्या काळात बर्नेज यांनी अमेरिकन पत्रकारांचे दौरे ग्वाटेमालात घडवले आणि तिथे साम्यवादाचा धोका आहे, हे चित्र ठसवले. जून १९५४ मध्ये सीआयएने घडवलेल्या उठावात ते सरकार गेले. त्यानंतर तो देश अनेक दशके यादवीत होरपळला. इतिहासकारांत यावर मतभेद आहेत. श्लेसिंजर आणि किंझर यांच्या 'बिटर फ्रूट'मध्ये कंपनीच्या आणि तिच्या प्रचाराच्या भूमिकेला मोठे स्थान आहे. पिएरो ग्लेइहेसेस यांच्या 'शॅटर्ड होप'मध्ये मात्र अमेरिकी सरकारच्या साम्यवादविरोधी धोरणालाच मुख्य कारण मानले आहे. दुसरे मत खरे असेल, तर बर्नेज यांच्यावरचा दोष कमी होतो, पण कंपनीने मोजलेली त्यांची फीही त्या प्रमाणात वाया गेली असे ठरते. पहिले खरे असेल, तर फी सार्थकी लागली आणि दोषही तेवढाच मोठा. दोन्हीकडून सुटका नाही. जनसंपर्काच्या मोलाचा पुरावा आणि त्याच्या अपराधाचा पुरावा हा एकच कागद असतो.

सिगारेटबाबत हेच अधिक घरगुती रीतीने दिसते. धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल जानेवारी १९६४ मध्ये आला आणि आत्मचरित्र त्याच्या पुढच्या वर्षी. आज जे माहीत आहे ते १९२८ मध्ये माहीत असते, तर हिल यांचे काम नाकारले असते, अशी भूमिका बर्नेज त्यात घेतात. पुढे धूम्रपानविरोधी मोहिमांना त्यांनी मदतही केली. परंतु त्यांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि लॅरी टाय यांनी त्यांच्या आधारे १९९८ साली 'द फादर ऑफ स्पिन' हे चरित्र लिहिले. कंपनीसाठी काम करत असतानाच बर्नेज यांना आरोग्याच्या धोक्याची कल्पना होती, असे त्यातून दिसते. घरात तर डोरिस यांची सिगारेट सुटावी म्हणून ते मुलींकरवी त्यांच्या पाकिटातल्या सिगारेटी मोडून टाकायला लावत. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची मशाल घराच्या उंबऱ्याआत विझवायची होती.

इथे बर्नेज यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही कागदपत्रे त्यांनी स्वतःच जपून ठेवली आणि अभ्यासकांच्या हाती जाऊ दिली. आपल्याला अडचणीत आणणारे कागद जाळून टाकणारे थोर पुरुष जगात काही कमी झाले नाहीत. तेव्हा आत्मचरित्राने जे लपवले, ते लेखकाच्याच संग्रहाने उघड केले, असा हा विलक्षण योग आहे. माझ्या मते बर्नेज यांची खरी साहित्यकृती त्या आठशे पानांत नसून ते पुस्तक आणि हा संग्रह एकत्र वाचण्यात आहे.

आजच्या व्यावसायिकांना याचे काय? स्तंभ-इंचांना दराने गुणण्याची पद्धत व्यवसायाने अधिकृतपणे टाकून दिली आहे. २०१० साली बार्सिलोनात मोजमापाची सात तत्त्वे मान्य झाली. जाहिरातीच्या दराशी केलेली तुलना म्हणजे जनसंपर्काचे मोल नव्हे, हे त्यांत स्पष्ट म्हटले; किती छापून आले यापेक्षा काय परिणाम झाला ते मोजा, असेही सांगितले. २०१५ आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. ही प्रगती खरी आहे. पण परिणाम मोजायचे ठरले की, बर्नेज यांच्या आत्मचरित्रातला प्रश्न पुन्हा समोर येतो : कोणते परिणाम? ग्राहकाने मागितलेले तेवढे, की झाले ते सगळे? आपल्याकडे १९५८ साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत नीतिसंहिता स्वीकारली गेली. नीतिसंहिता एका कपाटात आणि मोजमापाचे अहवाल दुसऱ्या कपाटात, अशी व्यवस्था जगभर आहे. ती मोडल्याशिवाय हा व्यवसाय प्रौढ झाला असे म्हणता येणार नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. त्या वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. नुसती जमा लिहिलेल्या वहीला कोणी वही म्हणत नाही. बर्नेज यांनी आयुष्यभर जमेची बाजू सुंदर अक्षरात लिहिली आणि नावेची बाजू लिहिण्यासाठी लागणारे कागद ग्रंथालयात ठेवून दिले. जनसंपर्क शिकवणाऱ्या वर्गांत मशालींची गोष्ट जरूर सांगावी. तिच्यासोबत त्या मोडलेल्या सिगारेटींचीही सांगावी, म्हणजे आपल्या कामाचे मोल मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची किंमत कोणी दिली हेही विचारता येईल.