ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनातील त्याग

आसक्तीचा निषेध करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु ती सोडताना मनाची जी ओढाताण होते, तिचे प्रांजळ निवेदन क्वचितच आढळते. इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेला संत ऑगस्टिनचा ‘कन्फेशन्स’ हा १३ भागांचा ग्रंथ अशा विरळ निवेदनांपैकी एक होय. तो आरंभापासून अखेरपर्यंत ईश्वरास उद्देशून लिहिलेला आहे. सर्वज्ञापुढे सारवासारव व्यर्थ असल्यामुळे लेखकाच्या वाणीस एक निराळाच खरेपणा आला आहे.

या ग्रंथाचा कळस आठव्या भागात आहे. विपरीत इच्छेतून वासना उपजते; वासना पुरविता पुरविता सवय जडते; आणि सवयीस वेळीच न रोखल्याने ती अगतिकता बनते. अशी कडीत कडी अडकून साखळी तयार होते, आणि ती घडविणारे हात आपलेच असतात. मनाने आज्ञा करताच हात हलतो. मग मनाची आज्ञा मनच का मोडते, हा त्याचा प्रश्न आजही कोणाही विचारी मनुष्यास निरुत्तर करील. आपल्याला शुद्धता दे, पण इतक्यात नको, अशी प्रार्थना आपण तारुण्यात केल्याचे तो लपवीत नाही.

निग्रहाच्या अभिमानाचे काय होते, हे सहाव्या भागात आलिपियस या मित्राच्या हकीकतीवरून कळते. द्वंद्वयुद्धांचा तिटकारा असलेल्या त्या तरुणास सोबती बळेच रोमच्या आखाड्यात नेतात. तो डोळे घट्ट मिटून बसतो. परंतु गर्दीची आरोळी कानी पडताच डोळे उघडतो, आणि रक्ताची धुंदी चढून पुढे स्वतःच इतरांना तेथे नेऊ लागतो. स्वतःच्या बळावर विसंबलेला निग्रह क्षणात ढासळतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे सुटका ही कृपेने लाभते, हे तात्पर्य लेखकाने येथे उपदेशाविना बिंबविले आहे.

परंतु याच भागात सहृदय वाचकास अडखळविणारे एक स्थळ आहे. सुमारे १५ वर्षे ऑगस्टिनची सहचरी असलेली, त्याच्या आदेओदातुस या पुत्राची माता, एका विवाहातील अडसर म्हणून दूर केली जाते. हा त्याग ईश्वरासाठी नव्हता. मिलानमध्ये वक्तृत्वाचा अध्यापक झालेल्या ऑगस्टिनची दृष्टी तेव्हा पैसा आणि प्रतिष्ठा यांवर होती. वधू विवाहयोग्य होण्यास २ वर्षे होती. तेवढाही धीर न धरवून त्याने दुसरी स्त्री ठेवली. पहिली मात्र अन्य पुरुषास न वरण्याचे व्रत घेऊन, मुलास त्याच्यापाशी ठेवून, आफ्रिकेस परतली. ग्रंथात तिचे नावदेखील नाही.

आसक्तीची साखळी उलगडून दाखविणाऱ्या लेखकाने येथे आपल्या हृदयाची जखम वर्णिली. त्या स्त्रीच्या जखमेविषयी मात्र तो जवळजवळ मूक आहे. हे या थोर ग्रंथाचे वैगुण्य म्हणावे लागते. पुढे ३८६ मध्ये मिलानच्या बागेतील प्रसंगानंतर त्याने विवाहाचा बेत आणि अध्यापकपद दोन्ही सोडले, व ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोजच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या महत्त्वाकांक्षेपायी ती स्त्री गेली, ती महत्त्वाकांक्षाच सोडण्याजोगी होती. तिला पुन्हा बोलाविल्याचा मात्र कोठे उल्लेख नाही.

तथापि, हा आरोप ठेवण्यास लागणारा सर्व पुरावा ऑगस्टिननेच आपल्या हाती दिला आहे, हेही विसरता कामा नये. तिचे व्रत आणि स्वतःचे दौर्बल्य त्याने शेजारी शेजारी मांडले, व तिची बरोबरी आपणांस साधली नाही हे मान्य केले. घातक आसक्ती सोडू पाहणाऱ्याने प्रथम एवढे पारखावे की, आपण सोडतो आहो ती आपली हाव आहे, की त्या हावेच्या आड आलेले एखादे माणूस. त्या अनामिक स्त्रीच्या चार ओळी हा विवेक जितका शिकवितात, तितका मोठमोठे उपदेशही शिकवीत नाहीत. आणि त्या ओळी लिहिण्याचे धैर्य ऑगस्टिनचेच होय.