धमनीकाठिण्यातील प्रथिनांची ‘भूमिका’

धमनीकाठिण्यावरील अलीकडचे संशोधनपर वाङ्मय चाळू लागले की एक शब्द पानोपानी भेटतो : ‘भूमिका’. अमुक प्रथिनाची शोथामध्ये भूमिका आहे, तमुक प्रथिनाची पेशीमृत्यूमध्ये आहे, असे विधान करून लेखक पुढे जातो. ह्या शब्दाने नेमके काय सिद्ध झाले आणि काय नुसते सुचविले गेले, ह्याचा विवेक करावयाचे मात्र राहून जाते. प्रस्तुत टिपणात तो प्रामुख्याने एनएलआरपी-३ ह्या प्रथिनापुरता करावयाचा आहे.

धमनीभित्तीतील विकाराच्या मुळाशी शोथ आहे, हे मत फिर्खोने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच मांडले होते. पुढे १९१३ मध्ये आनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर उत्पन्न केले, आणि मेदाचा पक्ष प्रबळ होऊन शोथाचा पक्ष दीर्घकाळ मागे पडला. ह्या दोहोंना जोडणारा सेतू २०१० मध्ये ड्युवेल व त्यांचे सहकारी ह्यांनी बांधला. कोलेस्टेरॉलचे स्फटिक महाभक्षी पेशीने गिळले म्हणजे एनएलआरपी-३ जागृत होते. ते कॅस्पेज-१ ला कार्यप्रवृत्त करते. आणि कॅस्पेज-१ हे इंटरल्यूकिन-१ बीटाच्या निष्क्रिय पूर्वरूपाचा छेद करून त्यास सक्रिय बनविते. एनएलआरपी-३ नसलेली अस्थिमज्जा ज्या उंदरांत रोपिली, त्यांच्या धमन्यांतील विकृती लहान राहिली. उपपत्ती सुबक होती, आणि ती लगोलग पाठ्यपुस्तकांत गेली.

परंतु पुढच्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, मेन्यू प्रभृतींनी अपोलिपोप्रथिन-ई नसलेल्या उंदरांत एनएलआरपी-३, त्याचे सहायक प्रथिन एएससी आणि कॅस्पेज-१ ही एकेक करून काढून टाकली, तेव्हा विकृतीत काहीच फरक पडला नाही. हा निष्कर्ष पुष्कळदा एखाद्या तळटीपेत ढकलला जातो, हे मला अनुचित वाटते. उंदराची जात निराळी, आहार निराळा, असे समाधान सांगितले जाते. पण २०१२ मध्ये अपोलिपोप्रथिन-ई नसलेल्या उंदरांतच कॅस्पेज-१ चा अभाव हितकर ठरल्याचेही प्रसिद्ध झाले. तेव्हा केवळ जातीच्या भेदाने हा विरोध मिटत नाही. विकृतीची कोणती अवस्था मोजली, किती आठवड्यांनी मोजली, ह्यांचा हिशेब त्यात धरावाच लागतो.

ह्या वादाचा निर्णय २०१७ च्या ‘कँटोस’ परीक्षणाने लावला, असे म्हणण्याची आता रीतच पडली आहे. ते परीक्षण मोठे खरे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर ते झाले. इंटरल्यूकिन-१ बीटाचा प्रतिरोध करणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढील हृद्‌घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, आणि तेही रक्तातील कोलेस्टेरॉल न उतरविता. शोथाच्या पक्षाला ह्याहून चांगला पुरावा मागण्याचे कारण नाही. (त्याच औषधाने प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही, हे सांगावयास उत्साही लेखक विसरतात, ते असो.) मात्र कँटोसने इंटरल्यूकिन-१ बीटाविषयी साक्ष दिली, एनएलआरपी-३ विषयी नव्हे. इंटरल्यूकिन-१ बीटाचा छेद न्यूट्रोफिल पेशींतील प्रथिनभंजक विकरेही करू शकतात. शेवटची कडी तोडल्याने परिणाम झाला, म्हणून साखळीची पहिली कडी कोणती हे सिद्ध होत नाही. ‘सर्ट’ ह्या पुढच्या परीक्षणात अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेट निष्फळ ठरले. त्याने इंटरल्यूकिन-१ बीटाची पातळीही उतरली नव्हती. म्हणजे ‘शोथ’ हा एकच एक शत्रू मानणेही भाबडेपणाचे होय.

पेशीमृत्यूच्या प्रथिनांविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. रिपके-३ नसलेल्या उंदरांत प्रगत विकृती कमी होते, आरंभीच्या विकृतीवर परिणाम दिसत नाही, असे २०१३ मध्ये आढळले. रिपके-३ ज्याच्या द्वारा पेशीचे आवरण फोडते ते एमएलकेएल २०२० मध्ये दडपून पाहिले, तेव्हा मृत गाभा लहान झाला. पण महाभक्षी पेशींतील मेदसंचय वाढला. एकाच मार्गावरील दोन प्रथिने, आणि फळे भिन्न! रिपके-३ पेशी न मारताही शोथास चालना देते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. ह्यात पेशीमृत्यू स्वतः चांगला की वाईट, हा प्रश्नही अवस्थेवाचून सुटत नाही. आरंभी मेलेली महाभक्षी पेशी शेजारच्या पेशी तत्परतेने गिळून टाकतात आणि विकृती आटोक्यात राहते. उत्तरावस्थेत हे मृतभक्षण मंदावते, प्रेते साचतात, आणि त्यांतूनच मृत गाभा वाढतो.

असे असता ‘अमुक प्रथिनाचा प्रतिबंध हितकर’ हे वाक्य प्रबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यापुढे विकृतीची अवस्था, प्राण्याची जात, आणि प्रथिन सर्व पेशींतून काढले की केवळ अस्थिमज्जेतून, ह्या तीन गोष्टी लिहाव्यात. उंदराच्या धमनीतील विकृती क्वचितच फुटते. माणसाला मारते ती बहुधा फुटलेली विकृती.