प्रतिविषाच्या कसोटीचे परीक्षण

प्राण्याच्या शरीरात टोचलेल्या विकरांचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणाऱ्या मजुरास फडात घोणस डसते, तेव्हा तोच प्रयोग मानवी देहावर घडत असतो. कारण घोणशीचे विष म्हणजे बव्हंशी विकरांचे मिश्रण होय.

परळच्या हाफकिन संस्थेची प्रतिविषनिर्मितीतील कामगिरी सर्वश्रुत आहे. भारतीय मानकानुसार १ मिलिलिटर प्रतिविषाने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, अशी अपेक्षा असते. ही शक्ती ठरविताना मात्र विष व प्रतिविष आधी एकत्र मिसळून ते मिश्रण उंदरास टोचतात. विविध उत्पादनांची तुलना करण्यास ही रीत सोयीची आहे, यात शंका नाही; परंतु तिच्यात ऊतींचा विचारच नाही, हा तिचा मूलभूत दोष होय.

प्रत्यक्ष दंशात विष आधी जाते, प्रतिविष मागाहून. हायलुरोनिडेज हे विकर पेशींमधील बंधद्रव्य विरघळवून इतर घटकांस वाट करून देते. लहान प्रथिने केशवाहिन्यांतून, तर मोठी लसीकावाहिन्यांतून सावकाश रक्तात उतरतात. सुमारे १४,००० रेणुभाराचे फॉस्फोलिपेज ऊतीत जितक्या सहजतेने शिरते, तितक्या सहजतेने सुमारे १,००,००० रेणुभाराचे प्रतिपिंडखंड शिरू शकत नाहीत. म्हणून रक्तातील विष निष्प्रभ झाले तरी दंशस्थानचा ऱ्हास थांबतोच असे नाही. शिवाय तेथील साठ्यातून विष पुन्हा रक्तात झिरपू शकते.

विकरांच्या विघटनाचा मार्गही येथे लक्षात घ्यावा लागतो. लहान प्रथिने मूत्रपिंडात गाळली जातात व तेथील नलिकापेशींच्या लयकायांत त्यांचे विघटन होते. म्हणजे रक्तातून विष नाहीसे होणे आणि शरीरातून त्याचा नाश होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यास्तव, आधी विष व नंतर प्रतिविष देऊन केलेल्या चाचण्यांची जोड प्रचलित कसोटीस मिळणे इष्ट ठरते. तोवर रुग्णशय्येजवळची, काचेच्या स्वच्छ नळीत रक्त २० मिनिटे ठेवून पाहण्याची साधी परीक्षा दर ६ तासांनी करणे, हाच विश्वसनीय आधार होय. रक्त एकदा गोठले एवढ्यावरून मजुरास फडावर परत धाडणे शास्त्रास धरून नाही.