तुरटीचा हात

मुंबईच्या पाण्याचं कौतुक निघालं की बोलणं धरणांवर जातं. 1860 चा विहार, मग तुळशी, तानसा, नगर अभियंता मोडकांचं नाव लाभलेला मोडकसागर, अलीकडचं मध्य वैतरणा. कामं मोठी आहेत, वाद नाही. पण मला विचाराल तर खरी कारागिरी भांडुपच्या शुद्धीकरण संकुलात आहे, आणि तिथेही क्लोरीनपाशी नव्हे, तुरटीपाशी.

पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, तेव्हा त्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की नुसतं ठेवलं तर दिवसेंदिवस तळाशी बसणार नाहीत. साऱ्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटी किंवा तिच्याच कुळातलं पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड तो भार निष्प्रभ करतं. ते टाकताना पाणी क्षणभर जोरात घुसळायचं आणि लगेच वेग उतरवायचा: कण एकमेकांना भेटले पाहिजेत, पण जमलेले पुंजके फुटता कामा नयेत. घुसळण जरा वाढली की केलेलं सगळं वाया. हंड्यात तुरटीचे चार वेढे देऊन वेळेवर हात काढून घेणाऱ्या आज्यांना हे प्रमाण ठाऊक होतं. भांडुपला तोच हात रोजच्या दोनशे कोटींहून अधिक लिटरवर चालतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं. पुंजके जड होऊन बसतात आणि वरचं पाणी निवळतं. उरलंसुरलं वाळूच्या थरांत अडकतं. थर तुंबले की खालून हवा नि पाणी सोडून ते धुतात.

पाण्याची वाट मुख्यतः उताराची. तानसा, मोडकसागरचं पाणी बहुतेक उतारानंच शहराकडे येतं. भातसाचं मात्र पिसे इथे उपसावं लागतं. शहरात ते टेकड्यांवरच्या जलाशयांत साठतं. मलबार हिलचा जलाशय तर हँगिंग गार्डनच्या पोटात आहे, आणि वर फिरायला आलेली मंडळी भेळ खात असतात. तिथून विभागवार पाणी सोडणारा चावीवाला रस्त्यातल्या झाकणाखाली लांब चावी घालतो आणि आटे मोजत व्हॉल्व्ह उघडतो. कुठल्या गल्लीला किती आटे, हे त्याच्या हाताला पाठ असतं.

दाद देतानाच या रचनेतली खोटही सांगायला हवी. पाणी ठरावीक वेळच येतं, म्हणजे उरलेला वेळ वाहिनी रिकामी. दाब उतरला की फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि भांडुपला निवळलेलं पाणी शेवटच्या शंभर फुटांत बिघडू शकतं. नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहावा असा भारतीय मानकाचा दंडक आहे, तो मुख्यतः या वाटेतल्या धोक्यासाठी. क्लोरीनच्या वासानं नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला त्या वासाचं काही वाटत नाही. नळ आल्यावर पहिली बादली मात्र मी फरशी पुसायलाच लावतो.