'प्रहार' : प्रशिक्षकाचा अपराधभाव आणि जायबंदी सैनिकाचे मौन

प्रस्तावना :

युद्धपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणभूमीच उभी राहते. चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) असो वा जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' (१९९७), कथानक सीमेवरच संपते आणि प्रेक्षक हुतात्म्यांना मनोमन अभिवादन करून चित्रपटगृहाबाहेर पडतो. लढून जिवंत परतलेल्या, परंतु पूर्वीचा न राहिलेल्या सैनिकाचे पुढे काय होते, हा प्रश्न हिंदी चित्रपटाने क्वचितच विचारला. नाना पाटेकर यांच्या दिग्दर्शनातील पदार्पणाचा चित्रपट 'प्रहार' (१९९१) हा या दृष्टीने महत्त्वाचा अपवाद होय. भित्र्या समाजाविरुद्धचा संताप, अशी या चित्रपटाची सर्वसाधारण ओळख आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. 'प्रहार' हा मुळात एका शिक्षकाच्या अपराधभावाचा चित्रपट आहे आणि त्या अपराधभावाकडे पाहण्याचे तो स्वतःच टाळतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

गुरू आणि शिष्य :

चित्रपटाचा पूर्वार्ध कमांडो प्रशिक्षणाने व्यापलेला आहे. मेजर चव्हाण (नाना पाटेकर) हा कठोर प्रशिक्षक आणि पीटर डिसूझा (गौतम जोगळेकर) हा त्याच्या हाताखाली घडलेला तरुण. ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेत पीटर दोन्ही पाय गमावतो, सैन्यातून बाहेर पडतो आणि मुंबईला आपल्या माणसांत परततो. पुढे त्याच्या लग्नाच्या निमंत्रणावरून चव्हाण मुंबईत येतो, तेव्हा हप्ता नाकारल्यामुळे गुंडांनी पीटरचा खून केल्याचे त्याला समजते. वस्तीत साक्ष द्यायला कोणी धजत नाही.

या घटनाक्रमात एक दुवा आहे, ज्यावर चित्रपट बोट ठेवत नाही. पीटरला न वाकण्याचे शिक्षण चव्हाणने दिले. ज्या वस्तीत वाकणे हीच जगण्याची रीत आहे, तेथे ते शिक्षण घेऊन पीटर एकटा परतला. छावणीत न वाकणाऱ्याच्या पाठीशी संपूर्ण तुकडी असते. गल्लीत कोणीच नव्हते. म्हणजे पाय गेले ते शिक्षणामुळे आणि प्राण गेले तेही त्याच शिक्षणामुळे. मारेकरी अर्थातच गुंड आहेत. त्यांचा दोष यामुळे कमी होत नाही. परंतु आपण घडविलेल्या शिष्याच्या मृत्यूत आपला वाटा किती, हा प्रश्न गुरूपुढे उभा राहतोच. चव्हाण या प्रश्नाशी थांबत नाही. त्याचे दुःख तत्काळ क्रोधात रूपांतरित होते, क्रोध शेजाऱ्यांच्या भित्रेपणाकडे वळतो आणि अखेर गुंडांच्या हत्येत त्याचे पर्यवसान होते. अपराधभावाला आरोपी सापडला की आत्मपरीक्षणाची गरज उरत नाही.

न बोललेला पीटर :

हॅल ॲशबी यांच्या 'कमिंग होम' (१९७८) या अमेरिकन चित्रपटाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. व्हिएतनाम युद्धात अपंगत्व आलेला ल्यूक चित्रपटाच्या शेवटी शाळकरी मुलांसमोर उभा ठाकतो, तो चाकांच्या खुर्चीतून. आपण तेथे काय केले आणि त्याचे ओझे कसे वाहतो आहोत, हे तो मुलांना सांगतो. 'प्रहार'मधील पीटरला असा प्रसंगच लाभत नाही. जायबंदी झाल्यानंतरचे त्याचे आयुष्य चित्रपटात ओझरते येते. त्याच्या रात्री, त्याची लाज, त्याचा राग आपल्याला अज्ञात राहतात. त्याचा मृत्यू मात्र कथानकाला उपयोगी पडतो. १९६५च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील सैनिक मुरलीकांत पेटकर यांनी १९७२च्या हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. जायबंदी सैनिकाचे नंतरचे आयुष्य हीच स्वतंत्र कथा असते, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे.

शेवटी न्यायालय चव्हाणची रवानगी मनोरुग्णालयात करते. युद्धोत्तर मानसिक जखमेला १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आघातोत्तर ताणविकृती' म्हणून अधिकृत मान्यता दिली होती. 'प्रहार'ला अशा निदानाशी कर्तव्य नाही. येथे 'वेडा' हा शब्द समाजाने स्वतःच्या सोयीसाठी वापरला आहे, असे चित्रपट सुचवितो. त्या काळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ची कसोटी ही, की मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप वा त्याची अवैधता कळू नये. चव्हाणला तर सर्व कळते आहे. या उपरोधात चित्रपटाचे सामर्थ्य आहे. त्याचबरोबर एक पळवाटही आहे : नायक वेडा नाही हे सिद्ध करण्याच्या भरात तो जखमी आहे, ही गोष्ट दृष्टीआड होते.

निष्कर्ष :

चव्हाणच्या अंतिम स्वप्नात असंख्य विवस्त्र मुले त्याच्यासह धावताना दिसतात. अभिनेता-दिग्दर्शकाने या दृश्यात आशा पाहिली आहे आणि दृश्य प्रभावी आहे, यात शंका नाही. तथापि दोन्ही चित्रपटांचा शेवट मुलांपाशी होतो, हे लक्षणीय आहे. ल्यूक मुलांना किंमत सांगतो. चव्हाण मुलांना पुन्हा धावावयास लावतो. एका पीटरच्या मृत्यूवर त्याचे उत्तर म्हणजे हजारो पीटर. ते धैर्याचे आवाहन म्हणून भिडते, पण पहिल्या पीटरचा हिशेब तसाच राहतो.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी आपल्यासमोर बसतात. पहाटे धावून आलेल्या त्या मुलांना आपण धैर्य, शिस्त, निर्भयता ही मूल्ये शिकवतो आणि ती शिकवावीतच. परंतु ती मूल्ये घेऊन विद्यार्थी ज्या जगात जाणार आहे, तेथे त्याच्यामागे कोण उभे राहील, ही जबाबदारीही शिकविणाऱ्याकडेच येते. 'प्रहार' हा प्रश्न विचारत नाही, पण त्याच्या प्रत्येक प्रसंगातून तो डोकावतो. म्हणूनच तीन दशकांनंतरही हा चित्रपट शिक्षकाने पुन्हा पाहावा, असा आहे.