कवितेतलं हत्यार आणि नाक्यावरचं हत्यार

आपल्या अनियतकालिकांत येणाऱ्या कविता हत्यारांनी भरलेल्या असतात. हातोडा, कुदळ, पहार, झाडू, रापी. एकेका ओळीत तीन-तीन. हातोडा व्यवस्थेवर पडतो, कुदळ इतिहास खणते, झाडू उलटा धरला की त्याचा भाला होतो. विद्रोहाच्या कवितेला ही प्रतीकं लागली, त्याला कारणं होती, ती कुणी नाकारत नाही. पण दोस्तहो, या कवितांना एक साधा प्रश्न विचारून बघा. हातोड्याचा दांडा मोडला तर नवा कोण आणणार? पैसे कुणाच्या खिशातून जाणार? कविता गप्प.

साहित्यात दांड्याचा हिशोब कशाला, असं प्रस्थापित समीक्षक म्हणेल. ते समजण्यासारखं आहे. त्याच्या सौंदर्यशास्त्रात घमेल्याला जागाच नव्हती. पण आपला कार्यकर्ता मित्रही तेच म्हणायला लागला, की बोलावं लागतं. हत्यार कुणाच्या पैशाचं, यावर माणसाचा रोज ठरतो, त्याला हाक कशी मारायची ते ठरतं, आणि पुष्कळदा त्याची जातही तिथंच उघडी पडते.

वसई, नालासोपारा, विरार. सकाळी कुठल्याही कामगार नाक्यावर उभं राहा. गवंड्याच्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या. प्लंबरच्या पिशवीत पाने. लादीवाल्याकडं कटर. सुताराकडं करवत, पटाशी, आता ड्रिल मशीन. हे सगळं त्यांचं स्वतःचं, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. ठेकेदार पिशवी बघतो आणि 'मिस्त्री' म्हणतो. शेजारी बिगारी मोकळ्या हातानं उभा. फावडं-घमेलं साइटवरचं. त्याला 'ए' म्हणतात. दोघांच्या रोजात फरक असतो आणि तो कसबाचा असतो, असं सांगतात. असेल. पण पिशवी भरायला आधी पैसा लागतो, आणि तो ज्याच्या घरी नव्हता त्याचं कसब पिशवीअभावी तसंच राहून जातं, हे कोण धरतं?

आणि त्या बिगारी बाईच्या डोक्यावरची चुंबळ? ती तिच्या जुन्या लुगड्याची. तिच्यावर घमेलं बसतं, घमेल्यात सिमेंटचा माल, मालावर सात मजले. चुंबळ हे हत्यार आहे असं ना ठेकेदार मानतो, ना आपला कवी. तिचा खर्च ती बाई एकटी करते. आपल्या कवितेत ती बाई 'माय' म्हणून येते, कामगार म्हणून क्वचित.

मग सरळ सांगून टाकू की हत्यार मालकानंच द्यावं? थांबा. याच वसई तालुक्यात आणि शेजारच्या भिवंडी-वाड्यात वीटभट्ट्या आहेत. भट्टीवर साच्यापासून झोपडीच्या जागेपर्यंत सगळं मालकाचं. पावसाळ्यात दिलेला बयाणाही मालकाचा. आणि त्या हिशोबात कातकरी कुटुंबही मालकाचं झालं. वेठबिगार बंद करणारा कायदा 1976 चा. त्यानंतरही याच भागातल्या वेठबिगारांच्या सुटकेसाठी 1982 साली विवेक पंडितांना श्रमजीवी संघटना उभारावी लागली. म्हणजे मालक हत्यार देतो तेव्हा माणूसही धरून ठेवू शकतो. ज्याची पेटी स्वतःची, तो निदान पेटी उचलून साइट सोडू शकतो. आपल्यातले काही मित्र म्हणतात, 'हत्यार आपलंच पाहिजे, मिंधेपण नको.' त्यांच्या म्हणण्यातही म्हणूनच दम आहे.

हा गुंता आजचा नाही. बलुतेदारीचे गोडवे मराठी साहित्यात पुष्कळ गायले गेले. गाव कसं एकोप्यानं नांदत होतं, सुतार नांगर करतो, लोहार फाळ शेवटतो, कुणबी खळ्यावर धान्य देतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' 1915 सालचं. कारू-नारूंची इतकी बारकाईची माहिती दुसरीकडे मिळणं अवघड. पण हिशोब कुणब्याच्या खळ्यावरून मांडलेला. हत्याराच्या बाजूनं बघितलं तर काय दिसतं? लाकूड-लोखंड कुणब्याचं, पण रंधा सुताराचा, भाता लोहाराचा. ज्याचं हत्यार त्याचं, म्हणून त्याचं काम ठरलेलं, 'हे माझं काम नाही' म्हणायची थोडी सोय त्याला होती. महाराला कुठलं हत्यार होतं? काठी. आणि काम? पडेल ते. सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढं धावा. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं तेव्हा याच गोष्टीवर बोट ठेवलं. कामाला वेळ नाही, मोजदाद नाही, वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं राबायचं. म्हणजे अख्खं कुटुंब हेच गावाचं अवजार, आणि ते पोसायचा खर्च मात्र कुटुंबाचाच. 1958 साली कायदा होऊन ही वतनं गेली. दया पवारांच्या 'बलुतं'नं 1978 साली ज्या शब्दावर गोडवे गायले जात होते तोच शब्द पुस्तकाच्या कपाळावर लावला आणि गोडव्यांचं तोंड बंद केलं. 'बलुतं' वाचताना आपण अपमान मोजतो. त्यातलं न मोजलेलं काम आपण अजून मोजायचं आहे.

अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. मुंबईच्या कडेच्या खाणीत राबणारा भीमा. खाण बंद पडते. पोटासाठी तो मुडदे उकरून सोनं शोधायला लागतो. एका रात्री पहारीनं मुडद्याचा जबडा उघडताना त्याची बोटं अडकतात आणि तो ती गमावतो. आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भीमा धाय मोकलून रडतो.

या कथेवर लिहिणारे भयाबद्दल लिहितात, भुकेबद्दल लिहितात, कोल्ह्यांशी झालेल्या झुंजीबद्दल लिहितात. पण शेवट नीट वाचा. भीमा का रडतो? खाण मालकाची, पहार कुणाचीही असो, बोटं भीमाची होती. ज्या हत्यारावर त्याचा रोज चालणार होता तेच गेलं. त्याची दुरुस्ती कुठल्या लोहाराकडं होत नाही. अण्णा भाऊंनी हे भाषणबाजी न करता एका शेवटात सांगितलं. हत्याराचा खर्च कोणी करावा या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. शरीर हे पहिलं हत्यार, ते कामगार घरून घेऊन येतो, आणि त्याची झीज कुठल्याही मस्टरवर लिहिली जात नाही. 1958 च्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे असं सांगणारा हाच लेखक. आपण ते वाक्य पोस्टरवर घेतलं. तळहाताला किती घट्टे पडले, ते मोजायचं राहिलं.

आता दुसरी बाजू. गिरणीत हत्यार मालकाचंच होतं. साचा मालकाचा, धोटा मालकाचा, कामगारानं फक्त हात आणायचे. मग प्रश्न सुटला होता का? विणकाम खात्यात, गिरणीच्या भाषेत साचेखात्यात, मजुरी जास्त. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचा. धोट्याला महाराचं तोंड लागलं तर तो बाटतो, म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात प्रवेश नाही. लाल बावट्याखालचा कामगारसुद्धा यात सामील होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा पुढाऱ्यांपुढं लावून धरला. हत्यार भांडवलदाराचं, पण त्याला कुणी तोंड लावायचं ते जात ठरवणार, हे फक्त मालकीच्या भाषेत सापडत नाही. आमचे मार्क्सवादी मित्र उत्पादनाच्या साधनांवर दोन-दोन तास बोलतात. धोट्याच्या भोकाबद्दल त्यांनी दोन मिनिटं तरी बोलावं.

आता सरकारही हत्याराचे पैसे देतं. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 चा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बिल्डरकडून घ्यायचा, तो कल्याणकारी मंडळात जमा करायचा. त्यातून नोंदणीकृत कामगाराला अवजारांसाठी 5000 रुपये देण्याची योजना महाराष्ट्रात निघाली. तत्त्व चोख आहे. नाक्यावरच्या माणसाला रोज नवा मालक, म्हणून सगळ्या मालकांकडून मिळून वसूल करा. अडचण दाखल्याची. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला. ज्याचा मालक रोज बदलतो त्यानं दाखला कुणाकडं मागायचा? कार्यकर्त्यांनी ही लढाई रोजची लढाई म्हणून हातात घ्यायला पाहिजे.

दुसरी, केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना, 17 सप्टेंबर 2023 ची. अठरा धंदे, हत्यारांसाठी 15,000 रुपये. वाचायला बरं वाटतं. पण उद्देश वाचा: गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेला धंदा बळकट करणं. चांभाराला रापी, बुरुडाला सुरी, न्हाव्याला वस्तरा. नव्या वेष्टनात जुना गावगाडा. तमिळनाडू सरकारनं 2024 साली ही योजना या स्वरूपात राबवायला नकार दिला तो याच मुद्द्यावर. आणि यादी पाहा. झाडू बनवणारा आहे, झाडू मारणारा नाही. बिगारी नाही.

नालासोपाऱ्याला आपण सोपारा स्तूपावर वंदनेला जातो. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला त्याच्या आधी लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. तथागताचा स्तूप लोकांनी एका टोपलं विणणाऱ्याच्या नावानं लक्षात ठेवला. लोकांच्या कल्पनेत बुरुड राजा होऊ शकला. सरकारी योजनेत तो 15,000 घेऊन बुरुडच राहायचा.

आणि शेवटी गटार. 2013 च्या कायद्यानं संरक्षण साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी केली. कुठली साधनं द्यायची त्याची यादीच नियमांत आहे, आणि ती देणं काम देणाऱ्याचं काम. केंद्राची 2023 ची 'नमस्ते' योजना हीच साधनं सफाई कामगाराला देण्यासाठी निघाली. एप्रिल 2024 मध्ये विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीत एका खासगी सांडपाणी प्रकल्पात चार कामगार गुदमरून मेले. आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या गावात. इथं 'हत्याराचे पैसे कोण देणार' हा प्रश्न वादाचा राहतच नाही. इथं हत्यार नसणं म्हणजे मरण, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं हे जात सांगते.

माझं म्हणणं सरळ आहे. जो काम सांगतो आणि त्यातून नफा काढतो, त्यानं हत्याराचा खर्च द्यावा. कारागीर स्वतःची पेटी आणत असेल तर पेटीचं भाडं रोजात वेगळं लिहावं, 'कसबा'च्या नावाखाली गिळू नये. जीव वाचवणाऱ्या साधनाचा एक पैसाही कामगाराकडून जाऊ नये. आणि हत्यार दिलं म्हणून माणूस बांधला जात नाही, हे पहिल्या दिवशी ठरलेलं असावं. हत्यार खाली ठेवून निघून जायची मोकळीक नसेल तर फुकट मिळालेलं हत्यारही बेडीच आहे. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं तेव्हा चांगला दोर मागितला नव्हता.

आपल्या समीक्षेनं कविता-कथा वाचताना हेच विचारावं. यातलं हत्यार कुणी विकत घेतलं? त्याला हात लावायची कुणाला बंदी आहे? ते खाली ठेवायची मुभा कुणाला आहे? ज्या कवितेला याची उत्तरं माहीत नाहीत तिचा हातोडा पुठ्ठ्याचा.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवाच. पण त्याच्या आधी आठ दिवस नाक्यावर जा. वहीत चार रकाने पाडा: हत्यार, किंमत, किती दिवस टिकतं, पैसे कुणी दिले. बिगारी बायांनाही विचारा. चुंबळसुद्धा लिहा. ती वहीही आम्हांला पाठवा, छापू.